प्याद्यानं मात

...आणि वर मलाच शिकवतो, "मामा, बुद्धिबळाचा निकाल आधीच ठरलेला आहे!" आमचा जावई हो, चांगदेव! मुंबईला कॉलेजात शिकतो, सणाला नागावात आला. "दोघं बिनचूक खेळले तर शेवट काय, ते गणितानं ठरलंय. मांडायचं तेवढं बाकी आहे. उद्या यंत्रसुद्धा खेळेल, त्याला बुद्धी कशाला?" दोघं बिनचूक खेळले तर! अरे, मी आणि करमअली मिसरूड फुटल्यापासून खेळतोय, एक डाव बिनचूक झाला असेल तर शपथ!

करमअली म्हणजे माझा दोस्त, गलबतवाला. यंदा अर्धांगवायूचा झटका आला बिचाऱ्याला. उजवा हात गेला, तोंड वाकडं, बोललेलं निम्मं कळतं, निम्मं न्हाय. त्याचा मुलगा रफिक मला म्हणतो, "चाचा, अब्बांचं डोकं ठिकाणावर हाय का, तेवढं बघा. नसेल तर मुंबईला नेतो, इथं कुणाच्या भरवशावर ठेवू?" तुम्हाला सांगतो, हा गेला तर मी खेळू कुणाशी? आमच्या बायकोशी, मनुबाईशी? ती घोडा सरळ चालवते!

मांडला पट. बाजूला जावई, पाठीमागं रफिक. करमअली डाव्या हातानं खेळतोय, आणि काय रंगला हो! माझा राजा कोपऱ्यात, त्याचा वजीर समोर, एक घर सरकवला की मात. आंधळ्यालाही दिसावी! मी मनात म्हणतोय, खेळ बाबा, मार मला, पोरगा बघतोय... आणि यानं काय सरकवलं? प्यादं!

रफिकनं मान खाली घातली. जावई कानात, "चुकले." दोघं बिनचूक खेळले तर, म्हणे! माझे डोळे भरले हो, पट दिसेना, हाताला लागलं ते सरकवलं... तर गुडघ्यावर करमअलीची टिचकी! "रावज्या, मागनं रड. आधी पट बघ."

बघतो तर ते प्यादं आणखी एक घर पुढं सरकवलेलं, आणि मात! त्याच प्याद्यानं! अहो, आमच्याकडं वजिरानं मात केली तर कोण विचारतो? प्याद्यानं मात झाली की हरलेल्यानं पान लावून जिंकणाऱ्याच्या तोंडात घालायचं, ही जुनी रीत. अर्धं अंग गेलं, पण खोडी सगळी शिल्लक! रफिक हसता हसता डोळे पुसत म्हणाला, "राहू दे अब्बांना इथंच."

जावई म्हणतो, "पण मामा, वजिरानं लवकर मात झाली असती."

"व्हय रे बाबा, पण पान कुठनं मिळालं असतं?"

लावलं पान. वाकड्या तोंडात भरवलं, निम्मा रस माझ्या सदऱ्यावर. त्याचं तोंड माझ्याच पंच्यानं पुसलं... आणि कधी न्हाय ते हरल्याचं बरं वाटलं हो!

आता लाडावलाय. रोज बोलावतो, रोज प्याद्यानंच मारतो. वाडीतली पानवेल बोडकी व्हायला आली. मनुबाई कावते, "एकदा तरी जिंकून या की वो!" काय जिंकतो कपाळ? जावई बोलला तेच खरं... निकाल ठरलेलाच हाय!