शावरखालचं माणूस

...आता मला सांगा, पाण्याला का कुनी भेतं व्हय? नदीला भ्यावं, म्हापुराला भ्यावं, सांगलीची मानसं भेत्यात बी, पर घरातल्या शावरला? तुमाला सांगतो, आमचा मुजीब भ्याला! उंचापुरा गडी, पाटणला शिलाईचं दुकान चालवायचा, लगीन करून कडेगावाजवळ सासुरवाडीत ऱ्हायला आला आन् म्हैन्याभरात न्हाणीच्या दारात टॉवेल घिऊन हुबा! आत जायचं नाव न्हाई!

सासर काय परकं न्हवतं. सासू हाजराबी म्हंजे त्याची सख्खी मावशी, खाला. तिचीच लेक मिस्बाह त्येची बायकू. सासरा शमशेरचाचा. ह्यो चाचा पावना आला की आदी न्हाणी दावनार! "बगा, काळी फरशी! बगा, शावर! बोरचं पानी हाय, कवाबी सोडा!" अरं, त्येला चा तरी इचार! आन् सोता आंगूळ कुठं करनार? परड्यात, उन्हाला बसून!

तर मुजीबच्या कोपराला सोरायसिसचा चट्टा व्हता, पाटणला गप बसलेला. हितं आला, कढत शावरखाली हुबा ऱ्हायला लागला, आन् पानी असं क्षाराचं की साबणाला फेस यीना... चट्टा पसरला की! पाठ, मांड्या... सकाळी चादर झटकली की पांढरा भुगा. हाजराबी झाडता झाडता म्हनायची, "मिस्बाह, त्या न्हाणीत कायतरी हाय. असर हाय, भुताखेताचा. तू आपली माझ्या खोलीत झोप." झालं! नवी नवरी आईच्या खोलीत!

पर असर म्हनाया कारण व्हतं. भिंत! पानी वाळलं की काळ्या फरशीवर पांढरं धरायचं, सगळीकडं... आन् मधी एक जागा काळीच. डोकं. खांदं. खाली आंग. माणूस, गड्या! पुसलं की परत उमटायचं. आन् नळ सोडला की आदी पायपात वारं घुमायचं, हूंऽऽ... मिस्बाह म्हनली, "आवं, तुमचीच सावली ती. तुमी हुबं ऱ्हाता, मागं पानी पोचत न्हाई." मुजीब हसला. भिंतीला पाठ लावून हुबा ऱ्हायला... आन् हसू गेलं. त्या माणसाचं डोकं ह्येच्या छातीला!

मिस्बाह शावर वापरत न्हवती, केस चिकट हुत्यात म्हनायची. चाचा तर परड्यात. मुजीबनं बी आत जायचं सोडलं, तरी ती आकृती रोज ताजी! मग आत हुबं कोन ऱ्हातंय? सांगा! पाण्याला का कुनी उगं भेतं व्हय?

त्यानं पिशवी भरली. "मी पाटणला जातो. तुला बी ह्यो चट्टा लागला म्हंजे?" मिस्बाहनं पिशवी हिसकली आन् त्येला सांगलीला डॉक्टरीणबाईकडं न्हेलं. बाई म्हनल्या, "हा कुणाला लागत नाही. पाण्यामुळं होतही नाही, पण असलं पाणी, वर कढत, वर तास तास, मग कातडी कोरडी पडून हा खवळतो. कोमट पाणी, झटपट आंघोळ, अंग टिपायचं आणि ओलसर असतानाच मलम. गोळ्या देते. येत-जात राहील. घरात आणखी कुणाला आहे?"

"न्हाई," म्हनला मुजीब.

दुपारी परत आली दोघं. घर चिडीचूप. चाचा रानात. आन् न्हाणीतनं... हूंऽऽ. मग पानी. आतनं कडी! मिस्बाहनं त्येचा हात घट्ट धरला. "क... कोन हाय?" पानी थांबलं. मग कडी सरकली...

हाजराबी! उंची मुजीबच्या छातीपतोर, केस वल्लं, आन् कायम मनगटापतोर झाकलेलं हात उघडं. कोपरापास्नं पांढरं चट्टं.

"खाला... तुला बी?"

"निकाहच्या आदीपास्नं," ती भिंतीकडं बघत म्हनली. "दुपारी कुनी नसतंय, तवा पाण्याखाली हुबी ऱ्हाती. खाज निवती तेवढीच. चाचाला सांगितलंय, कढत तेल उडालंवतं म्हनून. तुझं चट्टं बघितलं. म्हनलं, लेकीला तरी लांब ठेवावं..."

आन् आमच्या मुजीबनं पिशवीतनं मलम काढलं, तिचा हात धरला. "वल्लं हाय तवरच लावायचं असतंय, खाला."

गावच्या नळाला सकाळी जरासं नदीचं गोडं पानी येतं, आता आंगूळ त्याच पाण्यानं. सासू-जावई बादल्या घिऊन भांडत्यात! "मी मोठी हाय!" "मी जावई हाय!" चट्टं गेलं न्हाईत, पर निवल्यात. मिस्बाह आपल्या खोलीत गेली.

ऱ्हायला चाचा. त्येला सांगायचं कसं? हाजराबी रडकुंडीला आली, मुजीबनं घसा खाकरला, समदं सांगितलं. चाचानं चष्मा पुसला. म्हनला, "मला निकाह झाल्यापास्नं ठावं हाय. ती सांगंना, म्हनून मी इचारलं न्हाई."

आन् पेपर उघडला गड्यानं! आता ह्या गप ऱ्हायच्या दुखण्यावर डॉक्टरीण तरी कसलं मलम दील?