गाऱ्हाण्याला मिळालेला होकार

नाव: गोकुळदास शांताराम परब. वय: पंचाहत्तर वर्षे. धंदा: शेती, पूर्वी खाणीच्या ट्रकवर क्लीनर. शिक्षण: मराठी तिसरी. राहणार: मुळगाव, तालुका डिचोली, गोवा.

आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी प्रभावती, मुलगा श्रीनाथ, सून आणि नात गौरवी यांच्यासह राहतो. पत्नी हरवल्याची तक्रार मी मंगळवारी दिली होती. ती काल साखळी येथे सापडली. त्याबाबत विचारल्यावरून हा जबाब देत आहे.

पत्नीला दोन वर्षांपासून विसर पडतो. गेल्या शिमग्यापासून ती बोलत नाही. वाढले तर जेवते. दाराला वरची कडी लावा, असे मी घरात रोज सांगत होतो.

वाड्यावरचे, म्हणजे आमच्या वस्तीचे, गाऱ्हाणे मी घालतो. देवासमोर नारळ ठेवून मोठ्याने मागणे मागायचे आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा, अशी रीत आहे. होकार मिळाला नाही तर मागणे देवापर्यंत पोचत नाही, ते घालणाऱ्याच्या घरावर उलटते, असे माझे वडील सांगत. आमच्या घरी गणपतीच्या चवथीला सगळ्यात आधी पत्नीचा होकार येत असे, तोही स्वयंपाकघरातून.

गेल्या चवथीला गौरवीने माझ्या गाऱ्हाण्याचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. तेव्हापासून लोकांचे बोलणे बदलले. कंडक्टर 'फुडें सरा' म्हणाला की बसमधली पोरे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला चार पाव दे म्हटले की तोही तेच म्हणतो, आणि तो तर गोव्याचाही नाही. मला भीती वाटली. देवासमोरचे बोलणे असे वाटेवर सांडू नये. काहीतरी होईल, असे मी सुनेला बोललो होतो.

मंगळवारी सकाळी मी सुपारीच्या कुळागराला पाणी सोडायला गेलो. परत आलो तेव्हा पत्नी घरात नव्हती. तिची एक चप्पल उंबऱ्यावर होती. विहीर पाहिली. जुन्या खाणीचा खड्डा पाण्याने भरलेला आहे, तोही पाहिला. मग ठाण्यात येऊन तक्रार दिली.

संध्याकाळी मी गावच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवला. वाड्यावरची माणसे श्रीनाथबरोबर शोधायला गेल्यामुळे होकार द्यायला कोणी नव्हते. फक्त गौरवी मोबाईल धरून उभी होती. मी म्हटले, "बा राखणदारा म्हाराजा, घरची लक्ष्मी वाट चुकल्या. जंय आसात थंय तिचो हात धर. तिका पाण्याकडे वचूंक दिऊ नको. घरा परत हाड रे म्हाराजा." गौरवीने तोंड उघडले, पण रडू आल्याने तिला होकार देता आला नाही.

तिने तेही गाऱ्हाणे पत्नीचा फोटो आणि स्वतःचा नंबर घालून मोबाईलवर टाकले. मी रागावलो. "होकार नाशिल्लें गाऱ्हाणें दुनियेक कित्याक धाडलें? आतां तें आमचेर उलटतलें!"

ती म्हणाली, "आजो, मातसो उगी राव मरे. जाप येतली."

आम्ही ओसरीवर बसलो. जाप, म्हणजे लोकांची उत्तरे, येऊ लागली. गौरवी वाचत होती: हळर्णहून व्हय म्हाराजा. पेडण्याहून व्हय म्हाराजा. दोडामार्गहून. कुवेतहून. कोणी बोटीवर कामाला होता, त्याने समुद्रातून होकार दिला. काहींनी इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. एकाने नुसते जोडलेले हात पाठवले. मी विचारले, हें कितें? ती म्हणाली, "होवय होकारच, आजो." वाचून वाचून तिचा घसा बसला, तरी होकार येतच होते. माझ्या वडिलांच्या गाऱ्हाण्याला अंगणात मावतील तेवढीच माणसे होकार देत. एवढे मोठे अंगण मी जन्मात पाहिले नव्हते.

काल सकाळी साखळीच्या बसस्टँडवर संजना गावस ही हळर्णची मुलगी बसची वाट पाहत मोबाईलवर ते गाऱ्हाणे ऐकत होती. बाकावर शेजारी बसलेली म्हातारी मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणाली. संजना हसून म्हणाली, "आजी, तूंय रील पळयता गो?" तिने गाऱ्हाणे पुन्हा लावले. पुन्हा होकार आला. तेव्हा तिने फोटो नीट पाहिला आणि गौरवीला फोन केला. म्हातारी उठून जाऊ नये म्हणून श्रीनाथ पोचेपर्यंत संजनाने गाऱ्हाणे सतत लावून ठेवले. नंतर स्टँडवरची इतर माणसेही होकार देऊ लागली, असे श्रीनाथने मला सांगितले.

रात्रभर पत्नी कुठे होती, हे मला माहीत नाही. तिच्या पायांना माती होती, पण लुगडे कोरडे होते. अंगावर एक शाल होती. ती आमच्या घरची नाही. कोणाची, हे विचारूनही कळले नाही. मी ती धुऊन राखणदाराकडे नेणार आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. चवथीचा तो व्हिडिओ काढून टाकायला लावा, असे मी मंगळवारी ठाण्यात बोललो होतो. आता दोन्ही व्हिडिओ काढू नयेत.

हा जबाब हवालदार ओंकार राऊत यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी पत्नी माझ्या शेजारी बसली होती. ते जिथे जिथे थांबले, तिथे तिने होकार दिला. शेवटी त्यांनी मला विचारले, लिहिलेले सगळे बरोबर आहे ना? माझ्या आधी तिनेच सांगितले.

सही: गोकुळदास शांताराम परब