सपनानं न केलेलं भाषण

नाही शेषराव, मी नाही येत नागपूरले, त्या पुढच्या फेरीले. तुमी बसा, चहा घ्या, पेढे तिथी खिडकीत ठेवा, पण सपनासंग जा म्हणून मले म्हणू नका. शिक्षक संग असल्याबिगर पोरीले पाठवता येत नाही, हा नियम मलेही माहीत हाय. दुसरं कोणी पाहा. नाही कोणी? मंग राहू द्या.

तुमी तिचे बाप, तुमाले आनंद झाला, होईनच. पण त्या दिवशी वाशीमच्या सभागृहात तुमी नव्हते, मी होतो. थे स्पर्धा कशी असते, तिनं सांगितलं नसन तुमाले — एकेका शाळेले चिठ्ठी काढून एकेक देश देतात, पोरं त्या देशाच्या वतीनं बोलतात, जगाची पंचायतच म्हणा ना. आपल्या केनवडले आला एक बेटावरचा देश, समुद्रात बुडून राह्यलेला. आता समुद्र म्या तरी कुठी पाह्यला? तरी रोज शाळा सुटल्यावर तिले वर्गात उभं केलं. भाषण म्या लिहिलं. पहिले एक शेर, मंग अध्यक्ष महोदय, कुठी हात वर, कुठी मूठ टेबलावर, कुठी आवाज भरून आणायचा — सारं पाठ करून घेतलं. वक्तृत्वाचे सारे कप असेच तं आणले म्या या शाळेत. शेवट असा होता — आमी बुडू, पण हात पसरणार नाही. लिहिताना माह्याच डोळ्यात पाणी आलं, काय सांगू तुमाले. अन् ही पोरगी म्हणते काय, सर, बुडायचं कायले? म्हटलं, तू पाठ कर, प्रश्न नको विचारू.

तिथी मधल्या सुट्टीत म्या तिले जिन्याखाली बसोलं, डबा खाता खाता शेवटचा उतारा म्हणून घेत होतो. बाकीचे पोरं व्हरांड्यात गप्पा मारून राह्यले — मले वाटलं, किती बेशिस्त पोरं हायत. मंग समजलं, त्या गप्पातच खरी स्पर्धा असते. पण आधी कोण सांगते? पाणी पिऊन येते म्हणून उठली, तं घंटी होईपर्यंत आली नाही. कोणापाशी होती? वाशीमच्या त्या मयंकपाशी. तो कोळसा विकणाऱ्या मोठ्या देशाचा, त्याच्या धुरानंच आपलं बेट बुडून राह्यलं, म्हणजे आपला दुश्मन — त्याच्यावर तं अर्धं पान होतं माह्यं.

मंग हिचं नाव पुकारलं. मी मागच्या खुर्चीत ओठ हालवून राह्यलो, शेर म्हणून राह्यलो — अन् ही सरळ म्हणते, आमच्या लोकाले जागा द्यायचं त्याईनं कबूल केलं, आमी त्याईच्यावरचा ठपका मागं घेतो, हा करार, सह्या झाल्या. अन् बसली. सारं सभागृह टाळ्या वाजवून राह्यलं, मी अजून शेरावरच.

थे बी सोडा. पहिला नंबर देताना परीक्षक बाईनं माइकवर विचारलं, बेटा, भाषण कोणी लिहून दिलं? तं ही म्हणते — भाषण सरानं लिहिलं होतं, पण थे म्या केलं नाही. हसले ना शेषराव, सारे हसले. माह्यं नावच घेतलं नसतं तरी चाललं असतं. दगा म्हणतात याले, दुसरं काय? माह्या हातची पोरगी, मले एकदा विचारा नाही लागत?

काय? विचारलं होतं म्हणते? घरी सांगितलं तिनं? — हो. विचारलं होतं. जिन्याखाली. सर, मी त्याईच्यासंग बोलून पाहू का, म्हणे. म्या म्हटलं, डबा खाय.

मंग आता काय म्हणणं हाय तिचं? — सर येत नसन तं मीही जात नाही? असं म्हणते? अन् रडून राह्यली? नाही जात म्हणजे काय, एवढा नंबर काढून —

जा शेषराव तुमी. मले तास हाय.

हो, माहीत हाय, आज रविवार हाय. जा म्हटलं ना.