त्याच्यापुढं घेतलेलं नाव

(१९९३. रविवारची सकाळ. कुपवाडला कारखान्यांच्या मागं भाड्याची एक खोली. लालासाहेब पलटणीतून पेन्शनीवर आलेला, हल्ली एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार. रात्रपाळी करून आलाय, तर झोपायचं सोडून काळ्या ट्रंकेत कपडे कोंबतोय. तोंडही ट्रंकेच्याच रंगाचं. त्याची बायको अंजना उपासनेला निघायच्या बेतात.)

अंजना : ट्रंक कशाला काढलीया?

लालासाहेब : गावाकडं चाललोय. शिराळ्याला.

अंजना : कुणाचं काय झालं?

लालासाहेब : कुणाचं काय व्हायचंय? हितं माझीच अडचण व्हतीया. तुमा दोघांचं चालू द्या निवांत.

अंजना : दोघांचं?

लालासाहेब : तुझं आन् त्याचं.

अंजना : येशूचं म्हणताय व्हय?

लालासाहेब : बघ, नाव कसं लगीच आलं तोंडात.

अंजना : आवं, देवावर कुणी जळतं का?

लालासाहेब : आमच्या जोतिबावर कुणी जळत न्हाई. त्यो आपला डोंगरावर असतो. वर्सातनं एकदा जायाचं, गुलाल उधळायचा, पाया पडायचं, माघारी यायचं. ह्यो तुझा घरातच येऊन बसलाय. उठलीस की त्याच्याशी बोलतीस. भाकरी थापताना त्याच्याशी बोलतीस. आन् परवा तर...

अंजना : परवा काय?

लालासाहेब : काय न्हाई.

अंजना : बोला की. ट्रंक भरताय तर कारण तरी भरा तिच्यात.

लालासाहेब : परवा ड्यूटी लवकर सुटली. दारात आलो, तर आतनं तुझा आवाज. हळू, मऊ. तसल्या आवाजात माझ्याशी कवा बोललीस, ते मला आठवंना. म्हटलं, आत कोण हाय? दांडकं घेऊनच आत आलो.

अंजना : म्हणून खाटंखाली वाकून बघितलंसा व्हय! मला म्हणालासा, मांजर शिरलंय.

लालासाहेब : हसू नगंस. कोण गावला असता तर बरं झालं असतं. दोन टोलं हाणलं असतं, इषय मिटला असता. ह्याला कुटं हाणू?

अंजना : त्याला आधीच लय हाणलंय लोकांनी.

लालासाहेब : तेच मला कळत न्हाई. फोटूत बघावं तर हातापायात खिळं. तलवार न्हाई, गदा न्हाई. ज्याला स्वतःला सोडवून घ्यायला जमलं न्हाई, त्याच्याकडं मागायचं तरी काय?

अंजना : मी कुटं काय मागते?

लालासाहेब : मग जातीस कशाला? पोर बी त्याच्याच मिशनच्या दवाखान्यात गेलं की आपलं. वाचवलं त्यानं?

अंजना : न्हाई वाचवलं.

लालासाहेब : मग?

अंजना : ऐकून घेणार हाय का तुमी? का मधीच उठणार?

लालासाहेब : उभाच हाय. बोल.

अंजना : पोराचा ताप मेंदूत गेला तवा तुमी पलटणीसंगं लंकेत. तार पोचली कवा, तुमी निघालासा कवा...

लालासाहेब : जंगलात व्हतो गं आमी. तार हातात पडली तवर सगळं उरकलं व्हतं.

अंजना : बोल लावत न्हाई मी. त्या वक्ताला हिकडं काय झालं ते सांगते. जो त्यो येऊन कारण सांगून जायाचा. कोण म्हणायचं नवस चुकला. कोण म्हणायचं मागल्या जन्मीचं. आत्याबाई मला पांढऱ्या पायाची म्हणाल्या.

लालासाहेब : आई असं म्हणाली?

अंजना : म्हणाल्या. त्यांचा बी नातूच गेला व्हता, दुख्खात माणूस बोलतं. दवाखान्यात एक करुणाबाई नर्स व्हती. तिनं एवढंसुदीक कारण सांगितलं न्हाई. माझ्यापाशी नुस्ती बसली. मी तिच्यावरच वरडले, ‘कुटं मेलाय तुझा देव?’ तर ती म्हणाली, ‘मेलाच की गं त्यो. आईच्या डोळ्यांदेखत मेला. ती खाली हुबी व्हती, तिला काय करता येईना.’

लालासाहेब : मग तू?

अंजना : तवा मला वाटलं, हे ज्याला ठावं हाय असा कोणतरी हाय. बाकीच्यांच्या पुढं मी चुकल्याली बाई व्हते. त्याच्या पुढं नुस्ती पोराची आई व्हते.

लालासाहेब : मेला म्हणतीस. मग बोलतीस कुणाशी?

अंजना : तिसऱ्या दिशी उठला त्यो.

लालासाहेब : उठला, तर गेला कुटं?

अंजना : आपल्या माणसांकडं. त्याला धरून नेला तवा जी पळाली व्हती, त्यांच्याकडंच. रागं भरला न्हाई. तळ्याच्या काठाला इस्तू करून, त्यांच्यासाठी मासं भाजत बसला.

लालासाहेब : पळपुट्यांसाठी? पलटणीत असल्यांचं कोर्टमार्शल करत्यात.

अंजना : म्हणून तर त्यो पलटणीतला न्हाई.

लालासाहेब : लय कड घेतीस त्याची. माझी कड कवा घेतलीस एवढी?

अंजना : खरं काय झालंय, ते सांगा बघू. उपासना काय आज सुरू झाल्याली न्हाई. पेन्शनीवर आल्यापासनं बघताय तुमी. ट्रंक आजच का निघाली?

लालासाहेब : परवा दारात मी माझं नाव ऐकलं.

अंजना : व्हय?

लालासाहेब : ‘लालासाहेब’ म्हणालीस. चांगलं सपष्ट. लग्न झाल्यापासनं माझं नाव एकदाच घेतलंस तू. घरात पाऊल टाकताना बहिणींनी दार अडवलं तवा. ते बी उखाण्यात, ते बी पदर तोंडात धरून. रेशनच्या दुकानात माझं नाव शेजारीण सांगती. आन् त्याच्यापुढं कसं गं घडाघडा येतंय?

अंजना : एवढ्यासाठी ट्रंक?

लालासाहेब : तुला एवढंसं वाटतंय. माझ्या काळजाला घरं पडली.

अंजना : त्याच्यापुढं नुस्तं ‘हे’ म्हणून कसं भागंल?

लालासाहेब : देव हाय न्हवं? त्याला ठावं नसंल व्हय, तुझं ‘हे’ कोण ते?

अंजना : असंल ठावं. मलाच घ्यावं वाटतं. लंकेत व्हतासा तवापासनंची सवय हाय. कुटं असशीला, जेवला असशीला का न्हाई, कायच कळायचं न्हाई. सांभाळ म्हणायचं, तर कुणाला सांभाळ ते सांगाय नगं?

लालासाहेब : तवापासनं घेतीस?

अंजना : व्हय.

लालासाहेब : आता तर मी आलोय की. मग आता कशाला त्याला सांगाय पायजे?

अंजना : आलाय, पन सगळं कुटं आलाय? झोपंत हात झाडता. काय दिसलं इचारलं, तर ‘काय न्हाई’. पलटणीतलं आकाराम भावजी आलं की तासन् तास बोलत बसता. मी च्या घेऊन आले की दोघं गप. मला का जळता येत न्हाई व्हय? सवतच व्हती ती पलटण माझी. पन मी कवा ट्रंक काढली?

लालासाहेब : असलं काय बाईमाणसाला सांगायचं असतंय?

अंजना : नका सांगू. म्हणून तर त्याला म्हणते, माझ्याशी न्हाई तर न्हाई, तुझ्याशी तरी बोलू देत.

लालासाहेब : अंजना.

अंजना : काय?

लालासाहेब : त्याच्यापुढं आणखी कुणाचं नाव घेतीस?

अंजना : कशाला इचारताय?

लालासाहेब : पोराचं?

अंजना : रोज.

लालासाहेब : घरात तर कवा ऐकू येत न्हाई.

अंजना : घेतलं व्हतं. तुमी छुट्टीवर आलासा तवा. ताटावरनं उठून गेलासा. दुसऱ्या खेपंला घेतलं, परत उठलासा. मग बंद केलं. पन कुटंतरी घ्यायलाच पायजे की वं. आईनंच नाव टाकलं, तर त्याला हितं दुसरं कोण हाय?

लालासाहेब : म्हंजे त्याला सगळं ठावं. मला कायच न्हाई.

अंजना : त्यो उठून जात न्हाई.

(लालासाहेब डोळे चोळतो.)

अंजना : झोपा जरा. डोळं बघा कसं लाल झाल्यात.

लालासाहेब : एकदा घे.

अंजना : काय?

लालासाहेब : माझं नाव. परवाच्या आवाजात.

अंजना : तुमच्या तोंडावर? न्हाई व्हायचं माझ्यानं. जीभ वळायची न्हाई.

लालासाहेब : म्हंजे जिंकला त्यो.

अंजना : त्यो भांडतोय कुटं? तुमीच एकटं भांडताय.

लालासाहेब : मग असं कर. मला सांगूच नगंस. त्यालाच सांग. मी आपला हितं ट्रंकंवर बसतो. मी हाय असं धरू नगं.

अंजना : उपासनेची येळ झाली.

लालासाहेब : पळपुट्यांना मासं भाजून घालतोय म्हणालीस. तुला जरा उशीर झाला, तर हजेरी मांडणार हाय व्हय?

अंजना : डोळं मिटावं लागत्यात.

लालासाहेब : तू मीट. मी त्याच्यावर नजर ठेवतो.

अंजना : बरं... येशूबाबा, हे...

लालासाहेब : ‘हे’ नगं.

अंजना : येशूबाबा, लालासाहेब हितं बसल्यात. लालासाहेब तुझ्यावर रागं भरल्यात, तू मनावर घेऊ नगंस. रातभर फाटकावर हुबं व्हतं, सकाळपासनं च्या बी घेतला न्हाई. त्यास्नी झोप लागू दे. झोपंत जे काय दिसतं, ते...

लालासाहेब : थांबलीस का?

अंजना : ह्याच्या पुढं रोज शिवतेजचं नाव येतं.

लालासाहेब : मग घे की. बसलोय न्हवं मी.