बोलायचा रोज

पेणहून आल्यावर मी जे सांगितलं, त्यावर रोह्यात कुणी विश्वासच ठेवला नाय. वीजदरवाढीच्या सुनावणीला आमच्या महिला मंडळातर्फे मी एकटी पेणला गेले आणि वीजवाल्यांना चांगलं झोडपलं. निघताना सुनावणीचे साहेब म्हणाले, "बाई, खर्चाच्या अर्जात नुसतं एसटीचं भाडं लिहिलंत. आज तुमचा रोज बुडला, तो?"

"बोलायचा पण रोज मिळतो?"

"लोकांसाठी बोललात. वीजवाले देतील."

मी अर्जात रोज लिहिला आणि ज्यांना झोडपलं त्यांच्याच इंजिनीयरनं त्यावर मुकाट सही केली.

रोजाची मनिऑर्डर आली तशा मंडळातल्या बायका भांडायला आल्या. "आमाला का नाय नेलंस गो?"

"जाऊ नका, भाडं फुकट जाईल, असं तुमाला सांगितलं कुणी?"

"कुणी, ते तूच नाव घेऊन सांग!"

नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

"दामोदर."