पाय सोडणारी माती

— डुक्कर कुठं लोळतं, ते आधी विचारावं माणसानं.

— अंडी उकडून माझी मी आणलीत.

— पाचवा वर्ग. सगळा डोंगर.

— काठीला लोखंडाची टोपी कुणी बसवली?

— तोंडात टाकू नका आजी, तो नमुना आहे.

— मेरितची माणसं चिकट.

(सकाळ. उतारावर भाताची टोकणी चालली आहे. पुढं पुरुषांची ओळ काठ्यांनी भोकं पाडत वर सरकते आहे, मागून बायका बी सोडताहेत. पंधरा दारांच्या, म्हणजे पंधरा कुटुंबांच्या लांब घरातली सगळ्यांत म्हातारी बाई, इनी (आजी) एम्पियांग, बियाण्याची टोपली कमरेला बांधून उभी आहे. शेजारी तिच्या बहिणीचा मुलगा रेंगी, या घराचा तुआय. त्याच्या शब्दावर घर चालतं. नदीकडून जेमत वर आला आहे. तो जमीन खात्याचा, समुद्रकाठचा मुसलमान मेलानाव. खांद्यावर लोखंडी गिरमिट. एम्पियांगनं त्याला नऊ वर्षांनी पाहिलं आणि लगेच ओळखलं. तोंडातला विडा तिनं या गालातून त्या गालात नेला.)

पायथा

रेंगी: नाही म्हणजे नाही, साहेब. काल यायचं होतं. काल डोंगर मोकळा होता.

जेमत: काल नाव गाळात बसली, तुआय. दिवसभर ढकलत होतो.

रेंगी: मग कापणी झाल्यावर या. डोंगर कुठं जात नाही.

जेमत: यादी उद्या दुपारी बंद होते. मिरीची रोपं, खांब, खत, सगळं त्या यादीवर. आणि तुमचा डोंगर पाचव्या वर्गात आहे. ओली जमीन. ओल्या जमिनीला मिरी देत नाहीत.

रेंगी: नऊ वर्षं हेच ऐकतोय. खालच्या वळणावरच्या घराला मिरी मिळाली. त्यांच्या छपरावर पत्रे आले. पाऊस त्यांच्या पत्र्यावर पडतो आणि झोप आमची मोडते. त्यांच्या डोंगरात आणि आमच्यात फरक काय, ते दाखवा.

जेमत: फरक नाही. तेच सांगायला आलो.

रेंगी: मग लिहून टाका आणि जा.

जेमत: नुसतं बघून लिहिता येत नाही. बारा भोकं घ्यावी लागतील. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, छातीइतकी खोल.

रेंगी: पहिलं बी पडलंय. आता कापणीपर्यंत या डोंगराला कुदळ लागत नाही. भाताचा जीव बिचकतो, एकदा पळाला की बोलावूनही येत नाही. पुढच्या मिरीसाठी यंदाचं भात घालवू? पंधरा दारांत काय वाढू, तुमची यादी?

एम्पियांग: हे खांद्यावर काय आहे रे?

जेमत: गिरमिट, आजी. फिरवत खाली न्यायचं, पात्यात माती धरून वर येतं.

एम्पियांग: भोक केवढं पडतं?

जेमत: मनगटाएवढं.

एम्पियांग: रेंगी, ही कुदळ आहे का?

रेंगी: मावशी, तू यात पडू नकोस.

एम्पियांग: विचारलं तेवढं सांग. कुदळ आहे?

रेंगी: कुदळ नाही.

एम्पियांग: लांब आहे, सरळ आहे, टोकानं भोक पाडते. आज या डोंगरावर अशा अकरा काठ्या चालल्यात. ही बारावी.

रेंगी: काठी लाकडाची असते. हे लोखंड आहे.

एम्पियांग: गेल्या पेरणीला तुझी काठी दगडावर बोथट झाली. तिला लोखंडाची टोपी कुणी बसवली?

रेंगी: ती टोपी होती. एवढीशी.

एम्पियांग: भात पळालं का?

रेंगी: तसं नाही पळालं.

एम्पियांग: गेल्या वर्षी कणगी भरून वर दोन पोती उरली. तू स्वतः मोजलीस.

रेंगी: बरं. पण टोकणीचे नियम त्याला लागतील. एक, ओळ त्याच्यासाठी थांबणार नाही. दोन, भोक उघडं राहणार नाही. बुजवायचं, दाबायचं, वर बी पडलंच पाहिजे.

एम्पियांग: त्याच्या मागं मी बी टाकते.

रेंगी: तीन, ओळीत पहिल्यांदा उभा राहणाऱ्याच्या तोंडाला बायका काजळी फासतात. साहेब असला तरी.

जेमत: चालेल. तुमची तांदळाची दारू तेवढी मला चालणार नाही.

रेंगी: आणि आमचं जेवणही नाही, माहीत आहे.

जेमत: अंडी उकडून माझी मी आणलीत.

वीतभर

जेमत: वरचा थर तपकिरी, भुसभुशीत, मुळं भरपूर. जेमतेम वीतभर. अहो, तोंडात टाकू नका आजी, तो नमुना आहे.

एम्पियांग: चिमूटभरच घेतलं. आंबट आहे. लिही.

जेमत: आंबटपणा ऑफिसात काचेच्या नळीत बघतात.

एम्पियांग: नळी काय सांगेल?

जेमत: आंबट.

एम्पियांग: नळीला पगार किती?

जेमत: तुमच्यापेक्षा जास्त.

एम्पियांग: मग माझं आधी लिही. बी टाकू?

जेमत: थांबा, अजून खाली जायचंय. ओळ पुढं गेली की हो.

एम्पियांग: जाऊ दे. रेंगी पुढं असला की मला मोकळं वाटतं. तू फिरव.

हातभर

जेमत: आता पिवळट. दोन बोटांत दाबून फीत काढतो. जेवढी लांब फीत, तेवढी चिकण जास्त. बघा, बोटाच्या एका पेरापर्यंत येऊन तुटली. म्हणजे रेती आणि चिकण मिसळलेली.

एम्पियांग: आम्ही बोटांनी नाही बघत. पायांनी बघतो. पावसात डोंगर चढून घरी यायचं आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय झटकायचा. माती गळून पडली तर ती पाय सोडणारी. तिच्यात भात, काकडी, मिरी. नाही पडली तर पाय धरणारी. तिच्यात बेडूक.

जेमत: आमच्या पुस्तकात निचऱ्याचे सात वर्ग आहेत. तुमच्याकडे दोनच?

एम्पियांग: पाय दोनच असतात.

जेमत: हे माझ्या वहीत लिहितो. नकाशावर नाही.

एम्पियांग: तुम्हा मेलानावांना पाय सोडणारी माती कधी बघायला मिळते? तिकडे सगळी दलदल आणि साबूदाण्याची झाडं. तुझा बाप लग्नालासुद्धा फळीवरून चालत गेला असेल.

जेमत: फळीवरून पडला. आई अजून सांगते.

एम्पियांग: मग तुला कोरड्या मातीच्या खात्यात कुणी घातलं?

जेमत: ओल्या मातीत जन्मलो म्हणून. साहेब म्हणाले, ओल तू लांबून ओळखशील. आणि पहिल्याच वर्षी कोरड्या डोंगराला ओला ठरवून बसलो.

कमरेइतकं

जेमत: हे बघा. हे.

एम्पियांग: तांबडं.

जेमत: भोक पाचवं, आणि पाचव्यांदा तांबडं. रंगाचं पुस्तक धरा जरा. ढेकूळ या खिडकीमागं ठेवायचं आणि कुठल्या रंगाशी जुळतं ते बघायचं.

एम्पियांग: पुस्तक कशाला? विड्याच्या थुंकीचा रंग आहे, दुपारच्या. सकाळची थुंकी जास्त लाल असते.

जेमत: मातीत लोखंड असतं, आजी. त्याला हवा मिळाली की ते गंजतं आणि माती तांबडी होते. पाणी साचून राहिलं की ते गुदमरतं. मग माती करडी पडते, मेलेल्या माशासारखी, आणि तिच्यात गंजाचे ठिपके येतात. तांबडी माती म्हणजे पाणी इथं येतं आणि थांबत नाही. मिरीला ओले पाय चालत नाहीत, मुळं कुजतात. इथं तिचे पाय कोरडे राहतील.

एम्पियांग: हे तुला नऊ वर्षांपूर्वी माहीत नव्हतं?

जेमत: माहीत होतं. पण तेव्हा जे दिसलं ते करडंच होतं. खड्ड्यात गुडघ्याला पाणी, वास असा की जेवण गेलं नाही. खाली सही केली. पाचवा वर्ग. सगळा डोंगर.

एम्पियांग: मग आता कसा परत आलास?

जेमत: गेल्या पावसात तुमचा नदीकडचा कडा ढासळला. मी नावेतून दुसऱ्याच गावाला चाललो होतो. वर बघितलं तर माथ्यापासून पाण्यापर्यंत तांबडी जखम. नावाडी म्हणाला, साहेब, बसा खाली, नाव डुलते. मी उभा राहिलो होतो, माझं मलाच कळलं नाही.

एम्पियांग: मग कड्याचीच माती न्यायची.

जेमत: एका जागेवर भरवसा ठेवून एकदा तोंडावर पडलोय. आता बारा. थोडं पाणी ओता यात. तुमचा विडा थुंकून होईपर्यंत बघू.

एम्पियांग: थू. कुठं गेलं?

जेमत: गेलं. लिहितो.

छातीइतकं

जेमत: नववं भोक. छातीपर्यंत तांबडं, एकही करडा ठिपका नाही. खाली कुजलेला खडक लागतोय, चुरा होतोय. मातीच्या खड्यावर चकाकी दिसते? चिकण वरून धुऊन खाली आली आणि खड्यांना लिंपून बसली. वर्षानुवर्षं पाणी इथून खाली जातंय, त्याची ही खूण.

एम्पियांग: मग आता झालं ना? वर्ग बदलला?

जेमत: बदलेल. फक्त एक रकाना राहतो. जुना खड्डा ओला का निघाला, ते लिहावं लागेल. साहेब विचारणारच.

एम्पियांग: काय लिहिणार?

जेमत: माझी चूक. डोंगर चढलो नाही. जळवांची भीती वाटत होती. खाली सपाटीला कुणीतरी जागा दाखवली, चिखलानं डोक्यापासून पायापर्यंत माखलेल्या एका माणसानं खड्डा खणला, त्याचा चेहराही दिसला नव्हता. मी काठावर उभा राहून मोजलं आणि नकाशावर 'डोंगरउतार' लिहिलं.

एम्पियांग: ती जागा म्हणजे डुकराचं डबकं होतं.

जेमत: काय?

एम्पियांग: आमच्या मोठ्या डुकरिणीचं. रोज दुपारी लोळायची. डुक्कर कुठं लोळतं, ते आधी विचारावं माणसानं.

जेमत: विचारलं नाही.

एम्पियांग: विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं. जागा मी दाखवली होती.

जेमत: तुम्ही?

एम्पियांग: आदल्या दिवशी बी पडलं होतं. तू नदीवरून कुदळ घेऊन आलास. घरात पुरुष माणूस एखादाच, बाकी सगळे वर डोंगरावर. मला वाटलं, साहेबाला काय, एक भोक हवंय. कुठलंही भोक. डबक्यात खणू दे, भात वाचेल. जागा दाखवून मी वर बी टाकायला गेले, खणलं कुणी तेही बघितलं नाही. एका भोकावरून तुम्ही सगळा डोंगर लिहिता, हे मला कोण सांगणार? आम्ही डोंगर बघायचा तर डोंगर चालतो.

जेमत: आणि नंतर कळलं?

एम्पियांग: मिरी खालच्या घराला गेली, तेव्हा. नऊ वर्षं रेंगी तुमच्या ऑफिसला शिव्या घालतोय आणि मी त्याला भात वाढतेय. दर शिवीला मी भाजी पुढं सरकवते. त्याचे दोन भाऊ मिरीविना कंटाळून लाकडाच्या कारखान्यात गेले. म्हणून म्हणते, रकान्यात माझं नाव घाल. एम्पियांग. दारू पाजून तुला तिथं खणायला लावलं म्हण हवं तर.

जेमत: मी दारू पीत नाही, ते साहेबांना माहीत आहे.

एम्पियांग: मग काय घालणार?

जेमत: 'खड्डा चुकीच्या जागी घेतला गेला, ती जागा डोंगराची नव्हे.' एवढंच. कुणी घेतला, ते विचारायला रकान्यात जागाच नाही.

एम्पियांग: ऑफिसला कळलं नाही तरी रेंगीला कळायला हवं. माथ्यावर पोचले की सांगते.

जेमत: आजच? जिंकलेल्या दिवशी?

एम्पियांग: हरलेल्या दिवशी सांगायचं धाडस नव्हतं रे. आजच होईल. बी टाकते, बाजूला हो.

माथा

रेंगी: आले का? ओळ कधीच पोचली. आमचा विस्तव विझत आला, बांबूत शिजवलेला भात गार झाला. साहेब, तुमचं तोंड.

जेमत: काळं झालंय, माहीत आहे. तुमच्या बायकांनी अकराव्या भोकाशी गाठलं.

रेंगी: असंच ऑफिसात जा. विश्वास बसेल. काय निघालं?

जेमत: बारापैकी बारा. उत्तम निचरा. खोल, तांबडी-पिवळी, चिकण खाली उतरलेली, आंबट, पोटाला गरीब, खत मागणारी. दुसरा वर्ग. मिरीला योग्य. सही केली, ही बघा. उद्या दुपारच्या आत पोचते.

रेंगी: परत वाचा.

जेमत: दुसरा वर्ग. मिरीला योग्य.

रेंगी: पुन्हा.

जेमत: तुआय, नाव चुकेल माझी.

रेंगी: चुकू दे. पुन्हा वाचा. सगळे ऐकताहेत. खालच्या घरापर्यंत ऐकू जाऊ दे.

जेमत: दुसरा वर्ग! मिरीला योग्य!

रेंगी: हं. पहिला का नाही?

जेमत: पहिला सपाट जमिनीला. तुमचा डोंगर फार उभा आहे.

एम्पियांग: डोंगर उभा नसेल तर काय लवंडलेला असतो?

रेंगी: आणि या मातीला नाव काय?

जेमत: मेरित. अशी माती पहिल्यांदा जिथं लिहिली गेली, त्या गावाचं नाव.

एम्पियांग: आमच्या मातीला मेरितचं नाव? माझी नणंद तिथं दिली होती. मेरितची माणसं चिकट. एक भोपळा द्यायला तीन दिवस घेतात.

जेमत: माती तशी नाही, आजी.

एम्पियांग: नकाशावर तुमचं नाव लिहा. आम्ही तिला पाय सोडणारी म्हणू. रेंगी, इकडे ये.

रेंगी: आधी जेव, मावशी. सकाळपासून उभी आहेस.

एम्पियांग: जेवणाआधी सांगायचं आहे. सांगितल्याशिवाय घास जाणार नाही. नऊ वर्षांपूर्वी हा साहेब आला होता, तेव्हाचं.

रेंगी: बांबू फोडू का? वरचा मऊ भात तुला.

एम्पियांग: ऐकून घे. तो खड्डा ओला निघाला, कारण—

रेंगी: मावशी. तू दाखवलेल्या डबक्यात तो खड्डा मीच खणला होता.