स्प्लिटच्या पोलिसांना मी काय सांगितलं

ग्वेल्फ पोलीस ठाणे, दि. १४ जून २०११, सकाळी १०.४०

नाव: सुनेत्रा दीनानाथ टिपणीस, वय ६४ वर्षे, धंदा: घरकाम (पूर्वी रेजिना येथे शाळेच्या लायब्ररीत नोकरी), राहणार: ग्वेल्फ, ओंटारियो.

समक्ष हजर राहून सांगते की, मला इंग्रजी येतं. तरी हे मराठीतच सांगायचं म्हणून मी दुभाषी मागितली आणि चित्राबाई आल्या आहेत. माझे पती दीनानाथ, वय ७०, रेजिनाला सरकारी रस्ते खात्यात सव्वीस वर्षं इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर आम्ही ग्वेल्फला कॉन्डो घेतला. मुलगा शंतनु नॉर्थ यॉर्कला असतो.

२००९ च्या हिवाळ्यापासून पतींना विसरायला होऊ लागलं. एकदा ग्रोसरीला गेले आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये तीन तास गाडीत बसून राहिले. डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहून दिलं. तो कागद मी फाडला. शंतनुला सांगितलं की बाबांचे डोळे कमजोर झालेत, आता गाडी मीच चालवते. कुणीही त्यांना काही विचारलं की त्यांच्या आधी मी उत्तर द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. शंतनुला कळलं असतं तर त्याने त्यांना वृद्धांच्या होममध्ये ठेवलं असतं. आणि एवढ्या हुशार माणसाची लोकांनी कीव करावी हे मला सहन होणार नव्हतं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून शंतनुने आम्हाला क्रोएशियाच्या सहलीची तिकिटं दिली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून गेलो.

मंगळवार दि. २४ मे रोजी सकाळी ९ वाजता स्प्लिटमध्ये हॉटेलातून निघालो. ग्रुपमध्ये चौदा जण आणि एक गाईड बाई. रोमन बादशहाचा जुना राजवाडा, त्याच्याच भिंतींत आता लोक राहतात, दुकानं आहेत. एका चौकात पती फरशीकडे बघत उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "वॉटर गोज दिस वे." गाईड म्हणाली अगदी बरोबर, उतार तसाच काढलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं. कित्येक महिन्यांत तसं वाटलं नव्हतं.

११.३५ ला सगळे चर्चच्या मनोऱ्यावर चढायला निघाले. पतींना पायऱ्या झेपत नव्हत्या. गाईडने विचारलं, "विल ही बी ओके हिअर, अलोन?" मी म्हटलं, "ऑफ कोर्स, ही इज अॅन इंजिनियर." त्यांना पायरीवर बसवून मी वर गेले. मलाच जायचं होतं. दोन वर्षांत वॉशरूमची कडीसुद्धा लावून बसले नव्हते. वर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ थांबले. समुद्र दिसत होता. मोकळं वाटलं, हे खरं आहे.

१२.१५ ला खाली आले तेव्हा ते पायरीवर नव्हते.

पोलीस आले. त्यांनी विचारलं, काही आजार? विसरभोळेपणा? ग्रुपमधले सगळे भोवती उभे होते. मी सांगितलं, प्रकृती ठणठणीत, इंग्रजी उत्तम, खिशात हॉटेलचं कार्ड आहे, फिरायला गेले असतील. ते म्हणाले, मग येतील. तुम्ही हॉटेलवर थांबा. कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.

रात्री शंतनुशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, "आई, टेल देम एव्हरीथिंग. बाबांचं काही मेडिकल आहे का?" मी म्हटलं, "नाही रे, तुला माहीत नसतं का?" गुरुवारी तो येऊन पोचला. त्यालाही तेच सांगितलं.

धडधाकट माणूस म्हणून त्यांचा शोध बस स्टँडवर, बोटीच्या धक्क्यावर, टेकडीवर झाला. शनिवार दि. २८ रोजी ते सापडले. त्या पायरीपासून आठ घरं पलीकडे, दुरुस्तीला काढलेल्या घराच्या तळघरात. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथल्या डॉक्टरांच्या मते ते गुरुवार संध्याकाळपर्यंत जिवंत होते.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या पतींना स्वतःचं नाव कळत नव्हतं. कुणी मिस्टर टिपणीस म्हटलं तर ते मागे वळून दुसरं कोण आहे ते बघायचे. मी चाळीस वर्षांत त्यांना कधी नावाने हाक मारलेली नाही. मी "अहो" म्हणते. तेवढं त्यांना कळायचं. कुठल्याही खोलीतून "आलो" म्हणायचे, मग यायचं कसं ते विसरले तरी.

आमचं हॉटेल त्या राजवाड्याच्या भिंतीलाच लागून होतं. बुधवारी दुपारी हॉटेलच्या खालच्या गल्लीतून पोलीस भोंग्यावर हाका मारत गेले, "मिस्टर दीनानाथ टिपणीस." त्या हाकेला ते ओ देणार नाहीत हे मला तेव्हाच माहीत होतं. मी खाली उतरून दोन गल्ल्या हिंडले असते आणि अहो, अहो म्हणून ओरडले असते, तर त्यांनी आतून ओ दिली असती. पण मग पोलिसांनी विचारलं असतं, तुमच्या मिस्टरांना स्वतःचं नाव कसं कळत नाही? शंतनुला कळलं असतं. मी उठून खिडकी लावून घेतली.

चित्राबाईंनी हे सगळं मला माझ्या भाषेत सावकाश वाचून दाखवलं. शब्द माझेच आहेत, एकही खोडू नये. याची इंग्रजी प्रत शंतनुच्या हातात द्यायच्या आधी मला त्याच्याजवळ अर्धा तास बसू द्यावं. खिडकीचं त्याला मी सांगणार आहे.

सही: सुनेत्रा दी. टिपणीस